वेणीचोरांचे वर्ष : १७६८

अफवांचा इतिहास लिहिणे अवघड असते, कारण अफवेला दप्तर नसते. लढाईची बखर होते, तहाचा कागद होतो, दुष्काळात सारा माफ केल्याची नोंद सापडते. पण गावोगाव फिरलेली भीती बहुधा ज्यांच्या तोंडून निघाली त्यांच्याबरोबरच संपते. क्वचित एखादे राज्य स्वतःच त्या भीतीच्या मागे लागते. तिचा तपास करते, जबान्या घेते, त्यांवर शेरे मारते. अशा वेळी अफवेचेही दप्तर तयार होते. अठराव्या शतकातील चीनमध्ये असे एकदा घडले. गेली काही वर्षे मी अफवांविषयी मिळेल ते वाचतो आणि टिपून ठेवतो. त्या सगळ्या टिपणांत १७६८ सालचे हे प्रकरण मला सर्वांत बोलके वाटत आले आहे.

या प्रकरणाची कागदपत्रे बीजिंगच्या राजदप्तरात दोनशे वर्षे पडून होती. अमेरिकन इतिहासकार फिलिप कून यांनी ती वाचून १९९० साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यामुळे हे सारे चिनी न येणाऱ्या माझ्यासारख्या वाचकालाही खुले झाले. पुढच्या हकिकतीसाठी मी त्यांच्या संशोधनाचा ऋणी आहे. तिचा अर्थ लावताना मात्र मी थोडा वेगळ्या वाटेने गेलो आहे.

साम्राज्य आणि वेणी

आधी हे साम्राज्य कोणते ते पाहू. चीनवर तेव्हा छिंग घराण्याचे राज्य होते. हे घराणे चिनी नव्हे, मांचू. उत्तरेकडून आलेल्या या योद्ध्यांनी १६४४ साली बीजिंग घेतले आणि पुढच्या काही दशकांत सारा देश जिंकला. मांचूंचे सैन्य आठ निशाणांत विभागलेले असे, आणि प्रत्येक मांचू कुटुंब कोणत्या तरी निशाणाखाली नोंदलेले असे. मोठ्या शहरांत या निशाणवाल्यांच्या वेगळ्या तटबंद वस्त्या होत्या. मूठभर जेते आणि कोट्यवधी जित, असा हा मामला होता. शंभर वर्षे उलटून गेली तरी जेत्यांच्या मनातून ही गोष्ट गेलेली नव्हती.

जितांनी आपली निष्ठा डोक्यावर मिरवावी अशी मांचूंची आज्ञा होती. १६४५ च्या हुकमाप्रमाणे प्रत्येक चिनी पुरुषाने कपाळावरचा भाग तासून मागे मांचू पद्धतीची वेणी सोडायची होती. न पाळणाऱ्याला देहदंड होता. या एका हुकमापायी दक्षिणेत बंडे झाली आणि शहरेच्या शहरे कापली गेली. बौद्ध भिक्षू पूर्ण मुंडन करीत, ताओपंथी साधू केस राखत; त्या दोघांना सूट होती. बाकी प्रत्येकाच्या पाठीवर राजनिष्ठेची निशाणी लोंबत असे. १७६८ पर्यंत लोकांना तिची इतकी सवय झाली होती की ती सक्तीने आली हे बहुतेकांच्या ध्यानातही राहिले नसावे. राज्यकर्ते मात्र ते विसरले नव्हते.

गादीवर चिएनलुंग सम्राट होता. वय सत्तावन्न, कारकीर्दीचे तेहतिसावे वर्ष. मध्य आशियातील झुंगार मंगोलांचा त्याने १७५५ ते १७५९ दरम्यान असा निःपात केला होता की ती जमातच जवळपास नाहीशी झाली. आपल्या दहा मोहिमांचा त्याला पुढे फार अभिमान असे. पण १७६८ चा आरंभ त्याच्यासाठी बरा नव्हता. ब्रह्मदेशावर पाठवलेल्या सैन्याचा धुव्वा उडाला आणि त्याचा नावाजलेला सेनापती मिंगरुई याने वसंत ऋतूच्या तोंडाशी तिकडेच आत्महत्या केली. दक्षिणेच्या जंगलात फौज अडकलेली असतानाच पूर्वेकडून एक विचित्र बातमी निघाली होती. कोणी तरी लोकांच्या वेण्या कापत हिंडते आहे आणि त्या केसांबरोबर माणसांचे आत्मे चोरते आहे.

पुलाखालची नावे

गोष्टीचा उगम अगदी साधा आहे. झेजियांग प्रांतात तछिंग नावाचे एक गाव आहे. रेशमाचा सुपीक मुलूख, कालव्यांचे जाळे. तिथला ढासळलेला जलदरवाजा आणि पूल नव्याने बांधण्याचे काम वू नावाच्या गवंड्याने घेतले होते. नदीच्या तळात लाकडी खुंट ठोकण्याचे काम चालू असताना शेन शिलियांग नावाचा एक शेतकरी त्याच्याकडे आला. पुतणे छळतात म्हणून तो गांजला होता. त्यांची नावे लिहिलेला कागद तुमच्या खुंटावर ठेवून ठोका, अशी त्याने गळ घातली. ज्याचे नाव घणाखाली येते त्याचा आत्मा खुंटाला बळ देतो आणि तो माणूस झुरून मरतो, अशी समजूत होती. गवंडी घाबरला. उद्या हे बालंट आपल्यावरच येईल हे ओळखून त्याने शेनला सरळ अधिकाऱ्यांपुढे उभे केले. शेनला छड्यांचा मार देऊन सोडून देण्यात आले.

मराठी वाचकाला ही समजूत परकी वाटायचे कारण नाही. पूल, धरण किंवा बुरूज उभा राहत नसेल तर नरबळी द्यावा लागतो आणि त्यासाठी पोरे पळवली जातात, ही वदंता आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मोठ्या बांधकामाच्या आसपास ती नेमाने उगवते. परगावचे मजूर येतात, रात्री दिवे दिसतात, पाण्यात काही तरी ठोकल्याचा आवाज येतो. एवढे पुरते.

तछिंगमध्ये या भीतीला आणखी एक हातभार लागला. तिथल्या एका देवळात भाविकांची गर्दी होत असे आणि जवळचेच दुसरे देऊळ ओस पडले होते. ओस देवळाच्या भिक्षूंनी, त्या दुसऱ्या वाटेवर गवंडी आत्मे पकडतात, अशी कुजबुज सोडून दिली. उद्देश एवढाच की यात्रेकरूंनी आपल्याकडे वळावे. भीती दोन देवळांच्या चढाओढीतून निघाली आणि सोडणाऱ्यांच्या हातात राहिली नाही. फिरता फिरता तिच्यात खुंटाऐवजी कात्री आली, नावाच्या कागदाऐवजी वेणीचे टोक आले. महिन्या-दोन महिन्यांत साऱ्या मुलखात अनोळखी माणसे पकडली जाऊ लागली.

मुलाचे नाव

एप्रिलमध्ये याच प्रांतातल्या श्यावशान गावात जे घडले ते तपशिलाने सांगण्यासारखे आहे. चार भिक्षू भिक्षा मागत फिरत होते. त्यांतले दोघे एका वस्तीत शिरले. दाराशी मुले खेळत होती. एका भिक्षूच्या भिक्षापात्रावर त्याचे नाव कोरलेले होते आणि बारा-एक वर्षांच्या एका मुलाने ते वाचून दाखवले. भिक्षूला कौतुक वाटले. वाचता येते, म्हणजे पुढे मोठा अंमलदार होणार, असे म्हणून त्याने मुलाला त्याचे नाव विचारले. कोणाही वडीलधाऱ्याने केले असते तेच त्याने केले. पण त्या दिवसांत नाव विचारणे म्हणजे आत्म्याची दोरी मागणे होते. आईबाप धावत आले, जमाव जमला. भिक्षूंना बांधले, मारले. जाळा, बुडवा, अशा आरोळ्या उठल्या. गावच्या मुखियाने त्यांना कसेबसे सरकारी कचेरीत पोचवले.

उरलेल्या दोघा भिक्षूंना त्साय रुई नावाच्या शिपायाने पकडले. त्यांच्या सामानात कात्री निघाली आणि केसही निघाले. कचेरीत घोटे चिरडणारा लाकडी चाप होता. तो लावल्यावर भिक्षूंनी कबुली दिली. सारे जुळले.

जुळले नाही ते वरच्या न्यायालयात. प्रांताच्या राजधानीत, हांगझोऊला, खटला गेल्यावर न्यायाधीशाने प्रश्न विचारले आणि भिक्षूंनी जबानी फिरवली. मग शिपायाची झाडाझडती झाली. तो शेवटी कबूल झाला की भिक्षूंना सोडण्यासाठी त्याने नेहमीप्रमाणे पैसे मागितले होते, ते त्यांनी नाकारले आणि उलट तक्रार करू म्हणाले; म्हणून घरून केस आणून त्यानेच सामानात ठेवले. शिपायाला फटके बसले, गळ्यात लाकडी फळी अडकवून त्याला लोकांपुढे उभे केले, आणि भिक्षू सुटले.

इथे मला थांबावेसे वाटते. लोकांना जादूटोण्याची भीती होती. कायद्यातही जादूटोण्याला जबर शिक्षा होती. छळाला मुभा होती. तरीही खालच्या कचेरीत खोटे ठरलेले प्रकरण वरच्या कचेरीत उलगडले. एका मध्यम पायरीवरच्या न्यायाधीशाने केस पाहिले, कात्री पाहिली आणि ही कोणाची, असे विचारले. शक्तीचा तपास करण्याऐवजी त्याने वस्तूचा तपास केला. त्या वर्षाच्या साऱ्या गदारोळात एवढ्या एका साध्या कृतीने चार जीव वाचले.

झेजियांगच्या अधिकाऱ्यांनी त्यानंतर शहाणपणा केला. सम्राटाला यातले काही कळवलेच नाही.

लाल शाई

सम्राटाला बातमी लागली ती जुलैच्या अखेरीस, आणि ती आली शांडोंग प्रांतातून. तिथला सुभेदार फुनिहान याने कळवले की दोन भिकारी वेण्या कापताना सापडले असून त्यांनी छळाविना कबुली दिली आहे. ही कबुली श्यावशानपेक्षा फार पुढची होती. दक्षिणेत बसलेले गुरू, त्यांचे चेले, माणसाला गुंगी आणणारी भुकटी, आणि कापलेल्या केसांतून काढलेला आत्मा फुंकून जिवंत केलेली कागदाची माणसे आणि घोडे. वाटेवर लूटमार करायला ती कागदी फौज वापरायची होती म्हणे.

चिएनलुंग हा भोळा माणूस नव्हता. सुरुवातीच्या हुकमांत त्याने जादूवर भर दिला आणि प्रजेच्या भयाबद्दल काळजी दाखवली. वेणी या शब्दाचा राजकीय अर्थ त्याने काही काळ उच्चारलाच नाही. वेणी कापणे म्हणजे मांचूंची निशाणी कापणे, हे प्रजेला ठाऊक नसेल तर आपण कशाला सांगा, असा हिशेब त्यामागे असावा असे कून सुचवतात आणि ते पटते. पुढे मात्र त्याने तेही लिहून टाकले. तोवर त्याच्या मनात चित्र पुरे झाले होते. समृद्ध, सुशिक्षित, मांचूंना मनातून कमी लेखणाऱ्या जियांगनानमध्ये कोणी तरी बंडाची मुळे रुजवते आहे, आणि आपलेच अधिकारी ते दडवत आहेत.

या शेवटच्या वाक्यात सगळे आले. सम्राटाला मांत्रिकांची भीती वाटत होती का, हे सांगणे कठीण. अधिकाऱ्यांची मात्र नक्की वाटत होती. त्याच्या सुभेदारांची गुप्त पत्रे थेट त्याच्याकडे येत आणि तो त्यांवर लाल शाईने शेरे मारून परत पाठवी. त्या उन्हाळ्यातले शेरे झोंबणारे आहेत. तुमच्या प्रांतात वसंतातच हे घडत होते, मला का कळवले नाही? अजून मुख्य गुन्हेगार का सापडला नाही? मधल्या काळात तो बीजिंगहून चेंगडेच्या उन्हाळी राजवाड्यात आणि तिथून शिकारीच्या रानात गेला. घोड्यावरचे टपाल त्याच्या मागोमाग धावत राहिले.

ज्याला शेरा येतो त्याला काही तरी धाडावे लागते. आता प्रत्येक प्रांतात भिक्षू, साधू, भिकारी पकडले जाऊ लागले. ज्याच्याकडे दोर, कात्री, पुडी किंवा मंत्राचा कागद सापडेल तो संशयित झाला. चाप लावला की नावे येत. नावे आली की दुसऱ्या प्रांतात शोध सुरू होई. तिथे त्या नावाचा माणूस बहुधा नसेच. असला तर भलताच निघे. काही हुशार अधिकाऱ्यांनी वेगळा मार्ग काढला. पत्रे भरपूर लिहायची, गस्ती वाढवल्याचे कळवायचे, आणि प्रत्यक्षात फारसे काही करायचे नाही. ज्यांना हे जमले त्यांच्या प्रांतातले भिकारी त्या मानाने सुखी राहिले.

म्हणजे एकाच भीतीचे दोन प्रवास झाले. वसंतात ती खालून वर गेली आणि वाटेत एका न्यायाधीशापाशी विझली. उन्हाळ्यात ती वरून खाली आली आणि तिला विझवण्याचे धाडस कोणाला झाले नाही. जमावाचा राग हांगझोऊच्या कचेरीत थंड करता आला. सम्राटाचा संशय थंड करायला त्याच्यापेक्षा वरची कचेरी नव्हती.

कबुलीची उतरंड

शेवट झाला तो गुन्हेगार सापडल्यामुळे नव्हे, ते बीजिंगला आणल्यामुळे. मुख्य साक्षीदार प्रांतांतून राजधानीत मागवले गेले, तेव्हा मंत्रिमंडळातल्या अनुभवी लोकांसमोर एकेक जबानी गळून पडली. शांडोंगच्या भिकाऱ्यांनी सांगितले की छळ असह्य झाला म्हणून आम्ही नावे रचली. त्यांच्या पायांवरच्या जखमा समोर होत्या. श्यावशानचे भिक्षूही पुन्हा आणले गेले, शिपाईही आणला गेला, आणि हांगझोऊच्या न्यायाधीशाने काढलेलाच निष्कर्ष पुन्हा निघाला. सत्तरीतला मंत्री ल्यू तुंगशुन चेंगडेला जाऊन सम्राटाशी बोलला. नोव्हेंबर १७६८ च्या सुरुवातीला मोहीम थांबवण्याचा हुकूम निघाला. इतक्या महिन्यांत एकही आत्मे चोरणारा सापडला नव्हता. काही माणसे मात्र कोठडीत मेली होती.

सम्राटाने चूक मान्य केली असे कोणी समजू नये. हुकमाचा सूर असा की मूळ गुन्हेगार निसटले ते अधिकाऱ्यांच्या ढिलाईमुळे. ज्यांनी वसंतात बातमी दडवली त्या दक्षिणेच्या अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या. आणि ज्याने सर्वांआधी बातमी दिली त्या फुनिहानचीही पदावनती झाली. छळ केलाच नाही असे त्याने सम्राटाला खोटे लिहिले होते म्हणून. आत्मा चोरणे खरे की खोटे, या प्रश्नावर राज्याने अखेरपर्यंत निकाल दिला नाही. त्यामुळे ही भीती मेलीही नाही. १८७६ साली ती जियांगनानमध्ये पुन्हा उठली, आणि या वेळी संशय ख्रिस्ती मिशनरी आणि त्यांच्या नवदीक्षितांवर आला.

शक्ती कोणाच्या अंगी येते

कून यांनी या घटनेतून सम्राट आणि नोकरशाही यांच्यातली ओढाताण फार नेमकी दाखवली आहे. मला अधिक खुणावते ती संशयितांची यादी. परगावचा गवंडी, भिक्षू, साधू, भिकारी. यांच्यात एक गोष्ट समान आहे. त्यांच्यासाठी जामीन राहायला त्या गावात कोणी नाही. जादूची शक्ती ज्ञानामुळे येते, साधनेने येते, असे कथा सांगतात. दप्तर सांगते की ती ठावठिकाणा नसल्यामुळे येते. शेजाऱ्यांना ज्याचे नाव ठाऊक आहे त्या शेनने खरोखर पुतण्यांचे प्राण घेण्याचा बेत केला, आणि तो छड्या खाऊन घरी गेला. ज्यांनी कोणाचे काहीच केले नव्हते ते अनोळखी होते म्हणून चापात अडकले. लोकसंख्या वीस कोटींच्या पुढे गेलेल्या त्या देशात जमीन पुरेनाशी झाली होती, रस्त्यावरची माणसे वाढत होती, आणि घरात बसलेल्यांना त्यांचे भय वाटत होते. त्या भयाला आत्मेचोर हे नाव मिळाले.

आपल्या देशाला हे समीकरण परके नाही. इंग्रजी राज्याने १८७१ साली कायदा करून फिरस्त्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. पुढे अनेक जमातींना हजेरी लागू झाली, गाव सोडायला दाखला लागला. तिथे जादूचा शब्द नव्हता, पण ठावठिकाणा नसलेल्या माणसात काही तरी घातक असते हा विश्वास तोच होता. १९५२ साली त्या जमाती कायद्याने मुक्त झाल्या. संशयातून मुक्त झाल्या असे म्हणवत नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात उत्तर भारतात बायकांच्या वेण्या कोणी अदृश्य माणूस कापतो अशी अफवा पसरली. राजस्थान, हरियाणा, दिल्ली करीत ती पुढे काश्मीरपर्यंत गेली. आग्र्याजवळ एका वृद्ध दलित स्त्रीला वेणी कापणारी चेटकीण समजून मारून टाकण्यात आले. ती बातमी वाचताना १७६८ चे दप्तर आठवल्यावाचून राहत नाही. तिथे पुरुषांच्या वेण्या, इथे बायकांच्या. मारला जाणारा मात्र तसाच, एकटा आणि दुबळा.

या बाबतीत महाराष्ट्राने एक पाऊल वेगळे टाकले आहे आणि त्याची नोंद इथे करायला हवी. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा झाला. छिंग कायद्याने जादू करणाऱ्याला शिक्षा सांगितली होती. त्यामुळे जादू असते हे कायद्यानेच गृहीत धरले होते. आपला कायदा शक्तीचा दावा करून फसवणाऱ्याला शिक्षा करतो, आणि कोणाला चेटूक करणारा ठरवून त्रास देणाऱ्यालाही करतो. शक्ती खरी की खोटी या वादात न शिरता तो माणसाने माणसाला केलेल्या इजेकडे पाहतो. हांगझोऊच्या न्यायाधीशाने केस आणि कात्री पाहिली, त्याच्या जवळ जाणारी ही दृष्टी आहे.

पण कायदा कचेरीत असतो आणि अफवा बाजारात. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी पोरे पळवणारे समजून जमावाने ठार मारले. आठवडे बाजाराचा दिवस होता. त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी बोलला आणि लोकांना संशय आला, असे तेव्हाच्या बातम्यांत होते. श्यावशानच्या भिक्षूंनाही एका मुलाला नाव विचारल्यावरूनच बांधले होते. त्यांना गावच्या मुखियाने जिवंत कचेरीत पोचवले, म्हणून त्यांची गोष्ट त्यांच्याच तोंडून दप्तरात उतरली. राईनपाड्यातल्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले गेले आणि तिथेच मारले गेले. त्यांची जबानी कोणीच घेतली नाही.